सालीसकट

जपानमधल्या कात्सुनुमातल्या एका मांडवाखाली उभं राहून मी गावाकडे अप्पांना फोटो पाठवला. नोव्हेंबरचा दुसरा आठवडा होता. तोडणी उरकली होती, पानं तांबूस होऊन गळायला लागली होती आणि मजुरांच्या नजरेतून सुटलेला एकच घड तारेला लटकत होता. दोन मिनिटांत पिंपळगावहून आवाजी निरोप आला. "माल गुलाबी पडलाय. थंडी लागलीय त्याला. पेपर नव्हते का लावले? व्यापारी हात नाही लावणार." मग थोडं थांबून, "मांडव मात्र चांगलाय. तारा ताणलेल्या आहेत."

द्राक्षबागेत वाढलेल्या माणसाच्या 'गुलाबी पडणं' हे शब्द ऐकून पोटात गोळा येतो. थॉमसन सीडलेसच्या मण्यांत पाणी उतरलं, साखर भरू लागली आणि नेमकी त्याच दिवसांत रात्री कडाक्याची थंडी पडली, की हिरवा मणी गुलाबी होतो. चवीला काही बिघडलेलं नसतं. पण परदेशी जाणारा माल हिरवा लागतो, म्हणून गुलाबी घड पडेल भावानं गावातल्या बाजारात जातो. ते होऊ नये यासाठी आमच्याकडे घडाघडाला वर्तमानपत्राचा कागद गुंडाळतात. माझं बरंचसं बालवाचन असं वेलीवरच झालेलं आहे, अर्धवट बातम्यांचं.

अप्पांना मी उलट कळवलं, की ही जात गुलाबीच असते. नाव कोशू. हिची वाइन करतात, तीही पांढरी. अप्पांचा प्रश्न लगेच आला, "मग रंग कुठं जातो?"

हा लेख त्या प्रश्नाचं उत्तर आहे. शंभर-सव्वाशे वर्षं तो रंग, म्हणजे ती साल, कात्सुनुमाचे लोक पिळून बाजूला काढत आले. गेल्या वीसेक वर्षांत त्यांच्यातल्या काहींनी ती रसातच ठेवायला सुरुवात केली. तोक्योच्या निशी-कासाईत राहणाऱ्या माझ्या धाकट्या बहिणीनं मागच्या खेपेला मला त्यातली एक वाइन पाजली होती. पेल्यातला रंग पाहून मी तो कोरा चहा समजलो होतो. पहिल्या घोटाला हिरड्या आवळल्या गेल्या आणि आईनं दिलेला आवळा आठवला. पांढरी वाइन तुरट कशी, या कुतूहलापायी यंदा आम्ही दोघं कात्सुनुमा ज्या प्रांतात आहे त्या यामानाशीला गेलो.

मांडव

तोक्योच्या शिंजुकू स्थानकातून निघालेली गाडी दीडेक तासात डोंगरातले बोगदे पार करते आणि एकदम उजेडात येते. खाली कोफूचं खोरं पसरलेलं दिसतं. स्थानकाचं नावच 'कात्सुनुमा बुदोक्यो', म्हणजे कात्सुनुमा द्राक्षगाव. उतारावर, घरांच्या मागे, देवळाच्या भिंतीला लागून, जिथं जागा सापडेल तिथं मांडव. त्याला तिथं 'ताना' म्हणतात. युरोपातल्या वाइनच्या बागा म्हटलं की वेलींच्या सरळ उभ्या रांगा डोळ्यांपुढे येतात. इथं तसं नाही. डोक्यावर तारांचं छत, खाली सावली आणि घड डोक्याला लागू नये म्हणून जरा वाकून चालणारी माणसं. निफाड-दिंडोरीच्या माणसाला इथं परकं वाटायचं काही कारण नाही.

मांडव असण्याचं कारण पाऊस. इथं वर्षाला हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जून-जुलैत झड लागते आणि सप्टेंबरात, घड भरत असताना, वादळं येतात. जमिनीपासून उंच, हवेशीर छतावर वेल पसरली तर बुरशीला जरा अटकाव होतो. काही बागांत तर प्रत्येक घडाच्या देठाला मेणकागदाची छोटी टोपी बांधतात. तिला 'कासा' म्हणतात, म्हणजेच टोपी किंवा छत्री. हाताने, एकेक. आमच्याकडे कागद थंडीसाठी, त्यांच्याकडे पावसासाठी; घडाला कपडे घालण्याची हौस दोन्हीकडची सारखी.

नातं याहून जवळचंही आहे. आपल्याकडे प्रत्येक द्राक्षवाला 'जी. ए.'ची फवारणी आणि डिपिंग करतो. ते जिबरेलिन मूळचं जपानी शोधाचं. भाताची रोपं वेड्यासारखी उंच वाढून आडवी पडायची, त्या रोगामागे एका बुरशीतून पाझरणारं द्रव्य आहे, हे एइइची कुरोसावा या शास्त्रज्ञानं १९२६ साली दाखवून दिलं. पुढे यामानाशीत त्याच द्रव्यात डेलावेअर जातीचे घड बुडवून बिनबियांची द्राक्षं काढली गेली. म्हणजे पिंपळगावच्या बागेत बादलीत घड बुडवणाऱ्या बाईच्या हातात जपानी भाताच्या रोगाची एक गोष्ट असते.

हे सांगायचं कारण असं, की कात्सुनुमा हा आधी खायच्या द्राक्षांचा गाव आहे. वाइन मागून आली. त्यामुळे साल हा तिथंही आधी जेवणाच्या ताटातला प्रश्न होता. जपानी माणूस मोठ्या मण्याचं द्राक्ष सोलून खातो. क्योहोसारख्या काळ्या द्राक्षाची साल बोटांनी दाबायची, गर तोंडात घ्यायचा, साल बशीत ठेवायची. आम्ही उतरलो होतो त्या घरातल्या आजीबाईंनी कोशू खायची गावची रीत करून दाखवली. मणी ओठांत धरून दाबायचा आणि गर बियांसकट न चावता गिळायचा. "चावलं की तुरट," त्या म्हणाल्या. बहिणीनं भाषांतर केलं आणि वर आपली टीप जोडली, "दादा, हे म्हणजे औषधाची गोळी घेतल्यासारखं झालं."

अशा देशात २००६ साली 'शाइन मस्कत' नावाची सरकारी संशोधन संस्थेनं तयार केलेली जात नोंदवली गेली. हिरवी, टपोरी, बिनबियांची करता येणारी, आणि जाहिरातीचा मुख्य मुद्दा असा की सालीसकट खाता येते. तिला कोशूच्या कित्येक पट भाव मिळतो. साहजिकच म्हाताऱ्या शेतकऱ्यांच्या बागांत कोशू काढून शाइन मस्कत लावली जाते. कोशूनं टिकायचं तर तिच्या सालीलाही काहीतरी किंमत यायला हवी होती.

दोन पोरं आणि एक कडू साल

कोशूचा जन्म कुठं झाला, याच्या गावात दोन कथा आहेत. एका कथेत ७१८ साली ग्योकी नावाच्या भिक्षूला हातात द्राक्षाचा घड घेतलेल्या औषधबुद्धाचं दर्शन झालं. त्यानं तशी मूर्ती घडवून दाइझेनजी मंदिर वसवलं आणि लोकांना द्राक्ष लावायला शिकवलं. दुसऱ्या कथेत ११८६ साली आमेमिया कागेयू नावाच्या गावकऱ्याला रानात ही वेल सापडली. विज्ञानानं तिसरी कथा जोडली. जनुकीय तपासणीत कोशूचा सत्तरेक टक्के वारसा युरोपीय वाइनच्या द्राक्षाचा, व्हिनिफेराचा, निघाला आणि उरलेल्यात चिनी रानद्राक्षाचं रक्त. म्हणजे काळा समुद्र आणि कॅस्पियन यांच्या मुलखातून निघालेली वेल मध्य आशिया, चीन करत, वाटेत सोयरीक करत जपानपर्यंत आली असावी.

वाइनचा इतिहास त्यामानानं कालपरवाचा. १८७७ साली इथं जपानची पहिली खासगी वाइन कंपनी निघाली आणि तिनं गावातल्या दोन तरुणांना फ्रान्सला धाडलं. ताकानो मासानारी पंचविशीतला, त्सुचिया र्‍यूकेन एकोणीस वर्षांचा. भाषा येत नव्हती. शँपेन प्रांतातल्या त्र्वा शहरात राहून छाटणीपासून पिंपापर्यंत जमेल तेवढं शिकले आणि १८७९ साली परत आले. वाइन केली, पण कंपनी १८८६ साली बंद पडली. पिणाऱ्यांना ती आंबट आणि तुरट लागत होती. जपानला वाइन आवडायला लागली ती १९०७ साली निघालेल्या 'आकादामा पोर्ट वाइन'सारख्या साखर घातलेल्या, औषधी थाटाच्या गोड पेयातून.

कोशूची अडचण खरीच होती. साल जाड, रंग फिका गुलाबी, साखर बेताची आणि सालीत कडवट-तुरट द्रव्यांचा भरणा. घड दाबताना जरा जास्त जोर लागला की रस तपकिरी पडायचा आणि मागे कडू जीभ ठेवायचा. म्हणून हलका दाब, रस पटकन वेगळा, गाळणी, आणि निघेल ती वाइन पाण्यासारखी निर्मळ. वर 'चव फार नाही' हा शेरा ठरलेला. त्यावर उपाय शोधण्यातच पुढची दशकं गेली. १९८० च्या दशकात मर्सियाँ या वाइन कंपनीनं फ्रान्सची 'स्यूर ली' पद्धत कोशूला लावली. आंबवण संपल्यावर खाली बसलेला यीस्टचा साका लगेच न काढता वाइन त्यावरच महिनोन्‌महिने ठेवायची, म्हणजे तिला अंग येतं. ही युक्ती कंपनीनं शेजारच्या छोट्या वाइनरींपासून लपवली नाही. पुढे बोर्दो विद्यापीठातल्या ताकातोशी तोमिनागांच्या मदतीनं कोशूत लपलेला चकोतऱ्यासारखा वास शोधला गेला आणि २००४ च्या हंगामाची 'कीइरोका' ही वाइन त्यातून आली. २०१० साली आंतरराष्ट्रीय द्राक्ष आणि वाइन संघटनेच्या यादीत कोशूचं नाव लागलं आणि २०१४ साली लंडनच्या डिकँटर स्पर्धेत ग्रेस वाइनच्या कोशूला सुवर्णपदक मिळालं.

ही सगळी वाटचाल सालीला वळसा घालून झाली.

मुरवणं

व्हाइट वाइन करताना घड दाबतात, रस वेगळा करतात आणि फक्त रस आंबवतात. रेड वाइनमध्ये काळ्या द्राक्षाची साल आणि बिया रसातच राहतात. रंग आणि तुरटपणा तिथून येतो. आता पांढरी किंवा गुलाबी द्राक्षं घेऊन त्यांना रेडसारखं वागवलं, की ही तिसरी वाइन तयार होते. तिला 'ऑरेंज वाइन' हे नाव डेव्हिड हार्वे या ब्रिटिश व्यापाऱ्यानं २००४ साली दिलं. संत्र्याचा तिच्याशी काही संबंध नाही, नुसता रंग. रीत मात्र जगातल्या सगळ्यांत जुन्या रीतींपैकी आहे. जॉर्जियात मातीचे मोठे रांजण जमिनीत गळ्यापर्यंत पुरून त्यात द्राक्षं सालीसकट आंबवतात. या परंपरेला युनेस्कोनं २०१३ साली मान्यता दिली. इटली-स्लोव्हेनियाच्या सीमेवर योश्को ग्राव्हनेर आणि स्तांको रादिकोन यांनी १९९० च्या दशकात ही रीत पुन्हा उचलली, आणि तिथून ती जगभर गेली.

गंमत अशी, की कोशूचे पूर्वज त्याच कॉकेशसच्या बाजूचे. द्राक्ष शतकांपूर्वी जपानला पोचलं, सालीसकट मुरवायची रीत मागाहून विमानानं आली.

जपानी वाइनवाले या प्रक्रियेला 'कामोशी' म्हणतात. साके, सोया, मिसो यांच्यासाठी वापरात असलेल्या आंबवण्याच्या क्रियापदातून हा शब्द आला. 'स्किन कॉन्टॅक्ट' हा इंग्रजी शब्दही तिथं चालतो, पण बहुधा वेगळ्या अर्थानं: दाबण्याआधी काही तास थंड रसात साल ठेवून फक्त वास काढून घ्यायचा. कामोशीत साल आंबवणीभर राहते, काही दिवस किंवा काही आठवडे. मराठीत फरक सोपा आहे. पहिलं भिजवणं, दुसरं मुरवणं. कैरी मिठात तासभर ठेवणं वेगळं आणि बरणीत वर्षभर ठेवणं वेगळं. आंतरराष्ट्रीय संघटनेनं २०२० साली केलेल्या व्याख्येत सालीचा सहवास किमान एक महिन्याचा हवा. जपानी दुकानात 'ऑरेंज' म्हणून मिळणाऱ्या बाटलीला ती अट लागू असेलच असं नाही, त्यामुळे चाखताना नावावर विसंबू नये.

कोशूच्या बाबतीत पहिल्या ठळक बाटल्या २००० नंतरच्या दशकात आल्या. शातो मर्सियाँची 'ग्री द ग्री', म्हणजे करड्या सालीच्या द्राक्षाची करडी वाइन. आणि तोचिगी प्रांतातल्या कोको फार्मची 'एफ. ओ. एस.', म्हणजे सालीवर आंबवलेली. जी साल दोष होती, तिचंच नाव आता बाटलीवर आलं.

वाटीतला रंग

कात्सुनुमाच्या टेकडीवर 'बुदो नो ओका' नावाची नगरपालिकेची जागा आहे. पैसे भरले की गळ्यात अडकवायला धातूची एक उथळ वाटी मिळते. फ्रेंच तळघरांत वाइन पारखायला वापरतात ती, 'तातव्हँ'. मग खाली भुयारासारख्या तळघरात जायचं. पिंपांवर मांडलेल्या शंभराहून अधिक बाटल्या, स्वतः ओता, स्वतः चाखा. एक जपानी आजोबा हातात वही घेऊन प्रत्येक बाटलीला गोल, त्रिकोण, फुली अशी खूण करत होते. बहुतेकांना त्रिकोण.

मी एकेक घोट घेत गेलो. साध्या कोशू एकामागून एक, पाण्यासारख्या फिक्या. वाटीच्या तळाचे उठाव वाइनमधून स्वच्छ दिसत होते. मग कामोशीची बाटली. वाटीचा तळ एकदम तांबूस झाला, आमच्या लासलगावच्या उन्हाळी कांद्याच्या वरच्या सालीसारखा: कडेला पिवळट, मधे तांबडा, थोडी करडी झाक. वास घ्यायला ती वाटी अगदी निरुपयोगी. इतक्या उथळ भांड्यात वास ठरतच नाही. पण रंगासाठी तिच्यासारखं भांडं नाही. वाटी कलली की पातळ कडेवर गुलाबी दिसतं आणि सरळ केली की ते पिवळ्यात बुडून जातं. "मग रंग कुठं जातो?" या अप्पांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मला तिथं वाटीत मिळालं. साध्या कोशूत तो चोथ्याबरोबर जातो. कामोशीत तो रसात उतरतो आणि हवेनं, काळानं हळूहळू तपकिरी होत जातो.

रात्री आजीबाईंनी जेवताना वाइन काढली ती १.८ लिटरच्या साकेच्या बाटलीतून, 'इश्शोबिन'मधून. पेले नाहीत, चहाचे बिनकानाचे 'युनोमी'. गावची जुनी रीत हीच. शेतकऱ्यांनी आपली द्राक्षं एकत्र घालून केलेली वाइन, मोठ्या बाटलीत भरलेली, भोपळा घातलेल्या जाड शेवयांच्या 'होतो'बरोबर कपातून प्यायची. तिची चव मळकट होती, मागे कडवटपणा होता. आजीबाई म्हणाल्या, पूर्वी सगळीच अशी असायची, आता तरुण मंडळी नाजूक करतात. मी त्यांना विचारलं, सालीत मुरवलेली आवडते का? त्या हसल्या. "शिबुई," एवढंच म्हणाल्या.

शिबुई

जपानी भाषेत 'शिबुई' म्हणजे तुरट. कच्चं तेंडूफळ, म्हणजे 'काकी', हे त्याचं नेहमीचं उदाहरण. पण याच शब्दानं साधा, मुरलेला, भडकपणा नसलेला माणूस, कापड किंवा आवाज यांचंही कौतुक होतं. तेव्हा आजीबाईंनी निंदा केली की स्तुती, हे मला त्या रात्री कळलं नाही. बहिणीलाही सांगता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या एन्झानमध्ये गेलो. तिथल्या जुन्या घरांच्या वळचणीला नोव्हेंबरात केशरी पडदे लागलेले असतात. तुरट जातीची काकी सोलून, दोरीला बांधून वाळत घालतात. आठवड्यांनी तीच फळं पिठूळ साखर धरून 'कोरोगाकी' होतात. यातली खुबी अशी, की तुरटपणा फळातून निघून जात नाही. टॅनिन आतच राहतं, फक्त ते लाळेत विरघळणं थांबतं, म्हणून जिभेला लागत नाही. आणि गोड जातीची काकी वाळवण्यापेक्षा तुरट जातीचीच अधिक चांगली होते.

मराठीत या चवीला मान कमी नाही. षड्रसांत कषाय आहेच. सुपारी, हिरडा, जांभूळ, कच्चं केळं, कोरा चहा, आवळा यांतलं प्रत्येक वेगळ्या तऱ्हेनं तुरट लागतं हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक असतं. जांभूळ घसा धरतं, सुपारी गाल आत ओढते, आवळा मागून पाण्याचा घोट गोड करतो. वाइनच्या इंग्रजी पुस्तकांतल्या फळांच्या याद्या आपल्या कामाच्या नाहीत. त्यातली निम्मी फळं आपण पाहिलेली नसतात. तुरटाची ही घरची शिडी मात्र सालीच्या वाइनला नेमकी लागू पडते. त्या आठवड्यात मी वहीत तीन प्रकार लिहिले: थोडे दिवस सालीवर राहिलेली कोशू आवळा, जास्त राहिलेली कोरा चहा, आणि एक, दाबताना जोर जास्त लागलेली, सुपारी.

अडतीस अंशांचा उतार

एफ. ओ. एस. जिथं होते ते कोको फार्म कात्सुनुमात नाही. ते तोक्योच्या उत्तरेला आशिकागा शहरात आहे, आणि तिथला उतार पाहिल्याशिवाय ती वाइन पुरती कळत नाही. १९५८ साली नोबोरू कावादा या शिक्षकानं आपल्या विशेष वर्गातल्या, बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांना घेऊन हा डोंगर खणला. सरासरी ३८ अंशांचा चढ. यंत्र चालत नाही, म्हणून सगळं हातानं. १९६९ साली तिथंच या मुलांसाठी 'कोकोरोमी गाकुएन' हे निवासी केंद्र उभं राहिलं. १९८० साली पालकांच्या पैशातून वाइनरी आणि १९८४ साली परवाना. १९८९ साली ब्रूस गटलव्ह हा अमेरिकी वाइनतज्ज्ञ सल्ला द्यायला आला आणि दोन दशकं तिथंच राहिला. २००० सालच्या ओकिनावाच्या जी-८ शिखर परिषदेत इथली बुडबुड्यांची वाइन पाहुण्यांना दिली गेली.

एफ. ओ. एस.ची कोशू यामानाशीतून येते, या डोंगरावर ती पिकत नाही. पण काम तेच. घड आले की मणी निवडायचे. सडका, फुटका, बुरशी धरलेला एकेक मणी काढायचा. फक्त रस घ्यायचा असेल तर थोडी चूक खपते, कारण साल लगेच बाजूला जाते. साल दिवसचे दिवस रसात राहणार असेल तर एक कुजका घडही सगळ्या टाकीला आपली चव लावतो. सालीची वाइन म्हणजे निवडणाऱ्या हातांची वाइन, असं मला त्या उताराच्या पायथ्याशी बसून वाटलं. या केंद्रातली काही माणसं वर्षानुवर्षं डोंगरावर उभं राहून डबे वाजवत कावळे हाकलतात, अशी इथली एक प्रसिद्ध गोष्ट आहे. आमच्या बागेत हे काम शाळेला दांडी मारून मी केलेलं आहे, पत्र्याचा डबा आणि काठी घेऊन. त्याला कुणी वाइनमधलं कौशल्य म्हणेल, हे तेव्हा कळलं असतं तर शाळेत सांगायला बरं पडलं असतं.

निशी-कासाईतलं ताट

शेवटच्या रविवारी बहिणीच्या घरी जेवण ठरलं. निशी-कासाई हा तोक्योचा भारतीयांचा मोहल्ला; गोडा मसाला आणि शेंगदाण्याचा कूट यांची तिथं अडचण नसते. चार बाटल्या, सहा माणसं.

पहिली, स्यूर लीवर ठेवलेली साधी कोशू. पाण्यासारखी, युझू लिंबाचा वास, शेवटी मिठाचा भास. बरोबर कच्चा मासा. कोशू आणि माशांचं गणित चांगलं बसतं याला आधार आहे: समुद्री खाण्याबरोबर वाइन प्यायल्यावर तोंडात येणाऱ्या हिंवस चवीमागे वाइनमधलं लोह असतं, असं मर्सियाँच्या संशोधकांनी २००९ साली दाखवलं, आणि कोशूत लोह सहसा कमी असतं.

दुसरी, कामोशी कोशू. ही फ्रिजमधून काढून अर्धा तास बाहेर ठेवली. फार गार असली की तुरटपणा तेवढा पुढे येतो आणि वास दबून राहतो. आधी मोसंबीच्या आतल्या पांढऱ्या सालीचा वास, मग वाळवलेली काकी, मग कोरा चहा. माशाबरोबर भांडली. भरल्या वांग्याबरोबर मात्र टेबलावर एकदम शांतता झाली. शेंगदाणा, तीळ आणि गुळाचा गोडवा तुरटपणाला कवेत घेतो, आणि वांगंही सालीसकटच शिजलेलं. ठेच्याबरोबर कुणी करून पाहू नये. दारू आणि टॅनिन मिळून मिरचीची आग दुप्पट लागते. मेहुण्यांनी करून पाहिलं आणि ताकाचा पेला मागितला.

तिसरी, ओसाकाकडची डेलावेअर, सालीवर आंबवलेली, न गाळलेली, गढूळ. मूळचं अमेरिकी, लहान लालसर मण्यांचं हे खायचं द्राक्ष. झाकण काढताच लहानपणच्या रंगीत गोळीचा वास. साध्या पांढऱ्या वाइनमध्ये हा वास बालिश वाटतो. इथं सालीचा तुरटपणा त्याला जमिनीवर ठेवतो. मुलांनी वास घेऊन पेला मागितला, तेव्हा आया सावध झाल्या.

चौथी बाटली गाजावाजा करून विकत घेतलेली होती, आणि ती नासलेली निघाली. व्हिनेगर, त्यावर नखांच्या रंगाचा वास, आणि गिळल्यावर अर्ध्या मिनिटानं उंदराच्या पिंजऱ्याची चव. एक पाहुणा म्हणाला, "ऑरेंज वाइन अशीच असते म्हणतात." ही समजूत आता जपानातच काय, सगळीकडे पसरते आहे. गढूळ आणि तांबडं दिसलं की दोषालाही स्वभाव म्हणून खपवायचं. आपल्याकडे कुणी खवट झालेलं लोणचं मुरलेलं म्हणून वाढलं तर सासूबाई बरणी परत पाठवतील. ती बाटली आम्ही मोरीत ओतली.

पेपर

जानेवारीत पिंपळगावला गेलो. सोबत कामोशी कोशूची एक बाटली. पाणी उतरलेलं होतं, रात्री थंडी होती आणि अप्पा चार बायकांबरोबर घडांना पेपर लावत होते. मीही बसलो. तासभर काम झाल्यावर ओट्यावर चहा झाला, मग मी बाटली उघडली.

अप्पा माळकरी. आयुष्यभर द्राक्षं पिकवली, पण वाइन कधी तोंडाला लावली नाही आणि आताही लावणार नव्हते. पेला उन्हात धरून त्यांनी रंग पाहिला. मग वास घेतला, पुन्हा घेतला. "बेदाण्याच्या शेडमधला आहे," म्हणाले. "ढीग पालटताना येतो तो."

मी त्यांना सगळं सांगितलं. साल आधी फेकत होते, आता ठेवतात. त्या गुलाबीपणालाच आता बाटलीवर नाव मिळालंय. ते ऐकत होते, पण त्यांची नजर पेरूखाली बांधलेल्या गाईकडे होती. कुठलीही नवी पेंड, नवं खत, नवी जात गावात आली की अप्पांची परीक्षा ठरलेली, गुरं तोंड लावतात का?

"मुरून झाल्यावर तो चोथा काय करतात?"

खतात घालतात, म्हटलं, आणि यामानाशीत गुरांच्या चाऱ्यातही मिसळतात.

"खातात गुरं?"

"खातात."

अप्पांनी पेला माझ्या हातात परत दिला आणि पेपरचा गठ्ठा उचलला. "मग माणसांना कळायला उशीर झाला, एवढंच," म्हणाले, आणि पुढच्या घडाला कागद गुंडाळायला लागले.